टापटीपताईंची यादी

इस्पितळातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे टापटीपताई म्हणत. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत. रोज सकाळी मनात देवाचं नाव घेऊन त्या एक कमांड टाइप करत, की गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, त्या दिवशीच्या डॉक्टरांची यादी पडद्यावर मांडायची. डावीकडे नाव, मध्ये विभाग, उजवीकडे फोन नंबर. नाव आखूड असलं तर पुढे रिकाम्या जागा भरायची, म्हणून रकाने कसे ओळंब्यात. येणारा-जाणारा वाखाणून जाई.

ही यादी जायची टेलिफोनवरच्या ऑपरेटरभाऊंकडे. भाऊंना दिसत नाही. कॉम्प्युटरला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर ठिपके उठतात, ते बोटांनी वाचून भाऊ फोन जोडतात.

एक दिवस इस्पितळाचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, "भाऊ हल्ली फार वेळ लावतात. सोमवारी बघते, नाहीतर त्यांना भांडारात बसवू."

वीस वर्षं भाऊंचा आवाज ऐकून लोकांना धीर यायचा. यादी नीट कळत नसेल म्हणून ताईंनी रकाने आणखी ऐसपैस केले. भाऊ आणखीच मागे पडले.

शेवटी त्या भाऊंच्या शेजारी जाऊन बसल्या. "भाऊ, अडतंय कुठे?"

"बोट द्या." भाऊंनी त्यांचं बोट पट्टीवर ठेवलं. आधी नाव लागलं, मग नुसतं गुळगुळीत. पुढे न्यायचं बटण दाबलं, विभाग लागला, परत गुळगुळीत. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा कुठे नंबर.

"हे मधलं रिकामं काय आहे?"

"तुमची टापटीप. पट्टीवर एका वेळी चाळीसच अक्षरं मावतात, ताई. तुमचं अंगण ओलांडून नंबरापर्यंत पोचेस्तोवर समोरचा फोन ठेवतो."

"आणि महिनाभर मूग गिळून बसलात?"

"सगळे म्हणत होते, यादी फार सुंदर आहे. म्हटलं, असेल बाई."

ताईंनी भरलेल्या सगळ्या रिकाम्या जागा काढून टाकल्या. नाव, स्वल्पविराम, विभाग, स्वल्पविराम, नंबर, संपलं. पडद्यावर ओळी अशा लहानमोठ्या झाल्या, की त्यांना बघवेना. तरी तशीच पाठवली.

सोमवारी मोठ्या बाई घड्याळ घेऊन भाऊंच्या मागे उभ्या राहिल्या. फोन वाजला, बोट एकदाच सरकलं, फोन जोडलासुद्धा. असे दहा झाले. "भांडारात दुसरं कोणीतरी बघते," म्हणत बाई निघून गेल्या.

"ताई, आता कशी दिसते हो यादी?" भाऊंनी विचारलं.

"अवतार आहे नुसता," ताई म्हणाल्या. "उद्याही असाच पाठवते."