थांबू दे म्हणायचं राहून गेलं

ज्या स्टेशनावर गाड्या थांबतात, तिथल्या लोकांना गप्पा मारायला वेळ नसतो. पेडणे तालुक्यातल्या आमच्या छोट्या स्टेशनावर आता वेळच वेळ आहे, म्हणून किस्से साचत जातात. मी इथला पायलट, म्हणजे मोटारसायकलवर मागे गिऱ्हाईक बसवून पोचवणारा. हल्ली त्या मागच्या सीटवर मीच दुपारची डुलकी काढतो.

*

बोगदा खणताना माती सारखी ढासळायची. देवाला गाऱ्हाणं घालूया म्हटल्यावर उत्तरेकडचा इंजिनियर आधी आम्हाला हसला आणि मग स्वतःच नारळ घेऊन देवळात आला. गाऱ्हाणं घालायचा मान बापूचा. त्याची बागायत रुळांखाली गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर तो हॉटेल घालणार होता. बापूने हात जोडून आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, गाडी आमच्या गावात सुखरूप येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

गाडी आली. देव शब्दाला पक्का.

*

ते दिवस काय सांगू! बापूच्या हॉटेलात भाजी-पाव मिळायला रांग. समोर लॉज झाला, एसटीडी बूथ झाला, सलूनवाल्याने दुसरी खुर्ची टाकली. बापूचा चहा इतका कडक, की गार्डसाहेब कप खाली ठेवल्याशिवाय शिट्टी वाजवायचे नाहीत. एकदा कप लवकर रिकामा झाला आणि निम्मे प्रवासी हातात पाव घेऊन धावत सुटले. त्यातल्या एका बाईची प्लेट तीन स्टेशनं पुढे जाऊन परत आली, धुऊन.

*

मग एकेक थांबा रद्द झाला. वर सड्याच्या पठारावर विमानतळ आला, लॉजवाल्याने कुलूप लावलं. पुढारी आले, तेही गाडीने नाही, कारने. प्लॅटफॉर्मवर भाषण रंगात आलं आणि नेमकी तेव्हाच एक्स्प्रेस धडधडत निघून गेली. बापू मागे उभा होता. थांबा परत देतो म्हणाले का, असं त्याने शाणूला विचारलं. शाणू म्हणजे माझा जोडीदार पायलट, जिभेला हाड नाही.

"म्हणाले असतीत," शाणू म्हणाला. "गाडयेन आयकूक दिल्यान नाय."

*

हा शाणूच बापूला डिवचायचा. "तू येवंदे म्हणालंस, थांबांदे म्हणूक नाय. देवाचो काय दोष?"

आम्ही हसायचो. बापू हसायचा नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हे त्याला लागतंय. हॉटेलात आम्हा दोघांशिवाय कुणी येत नव्हतं, तरी तो पहाटे उठून गाडीच्या वेळेला भाजी तयार ठेवायचा. शेवटी जत्रेच्या दिवशी भर देवळात त्याने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या खेपेला नीट, "गाडी थांबांदे" म्हणून.

आणि त्याच आठवड्यात थांबली की! समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला. बापू ट्रे घेऊन म्हाताऱ्या पायांनी धावला. सगळे डबे एसी, काचा बंद. आतल्या लोकांनी त्याचे फोटो काढले. गाडी गेली. तो ट्रेमधला चहा मी आणि शाणूने प्यायला.

*

बापू गेला श्रावणात. स्मशान रुळांपलीकडे. तिरडी घेऊन स्टेशनाजवळच्या फाटकाशी पोचलो तर फाटक बंद. म्हणून तिरडी खाली ठेवली आणि पावसात उभे राहिलो. गाडी आली, साध्या डब्यांची. हळू झाली आणि थांबली. बराच वेळ हलेना. माणसं भराभर खाली उतरली, बापूच्या हॉटेलाचं दार वाजवून बघायला लागली. दार बंद, घरात चूल पेटलेली नव्हती.

एक जण छत्री घेऊन आमच्याकडे आला. तिरडी आमच्या पायांआड होती.

"भैया, यहाँ चायवाला कहाँ है?"

शाणू बाजूला सरकला.

"हयसरच आसा," तो म्हणाला. "पण आज तो थांबूचो नाय."