डावा कौल

सुगंधाच्या भावाचं नाव धाकू, पण चार भावंडांत थोरला तोच. आजीच्या मनात आलं, तिने ठेवलं, पुढे कुणी बदललं नाही. मधली दोघं आता नाहीत. राहिली ती पहिला आणि शेवटची. तो घाटकोपरला, ती बडोद्याला.

बडोदा तिने मागून घेतलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, विश्रामच्या कंपनीने विक्रोळीचा कारखाना उचलून गुजरातेत नेला आणि म्हणाली, येताय तर या. घाटकोपरच्या भटवाडीतल्या दोन खोल्या विकून तिकडे अंगणासकट घर आलं. पुढे तुळस, मागे कढीपत्त्याचं झाड, ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा. घाटकोपरचे नातेवाईक बघायला गेले की म्हणायचे, "झकास आहे यार, आमच्याकडे एवढ्यात तीन बिऱ्हाडं राहतील." सुगंधा हसायची. बांगडे तळायचे तर खिडक्या लावून घ्याव्या लागतात, हे ती पाहुण्यांना सांगत नसे. आणि ते घर ती कधी कुणाजवळ 'आमचं' म्हणाली नाही. विचारलं तर म्हणायची, "सध्या बडोद्याला आहोत." हे सध्या वीस वर्षं चाललं. मुलगी त्या घरातून शिकून, लग्न करून बंगळुरूला गेली. विश्राम निवृत्त झाला. तरी सध्याच.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली आणि धाकूचे फोन वाढले. आधी रविवारी यायचा, आता रोज सकाळी अकराला. वाक्यं ठरलेली.

"काय गो, जेवणाक काय केलंस?"

ती सांगायची. त्यावर तो नाक मुरडायचा, दुधीला नावं ठेवायचा, शेजारणीच्या ढोकळ्यावरून तिला डिवचायचा, आणि ठेवता ठेवता विचारायचा, "येतलंस मगे?"

इकडे राहायला येणार ना, हे पहिलं वर्षभर तो थट्टेने विचारायचा. मग कधीतरी त्यातली थट्टा निघून गेली. नेमकी कधी ते तिला सांगता आलं नसतं, पण फोन ठेवल्यावर ती झोपाळ्यावर बसून राहायला लागली होती, ते मात्र विश्रामच्याही लक्षात आलं.

भटवाडीतल्या जुन्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे. धाकू चौदाव्या मजल्यावर राहतो, मुलगा नितेश आणि सून श्रुतिका यांच्याबरोबर. डिसेंबरात श्रुतिकाला लिफ्टमध्ये बातमी लागली की अकराव्या मजल्यावरचे गृहस्थ मुलाकडे अमेरिकेला चाललेत, फ्लॅट विकायचाय, माणसं ओळखीची मिळाली तर बरं. तिने त्याच संध्याकाळी फोन केला. "आत्या, तीन मजले खाली! बाबा चप्पल न घालता येतील तुमच्याकडे. ते होळीपर्यंत थांबायला तयार आहेत."

जानेवारीत सुगंधा आणि विश्राम फ्लॅट बघायला आले. किंमत आधी कळली होती. बडोद्याचं घर सबंध जाणार आणि विश्रामच्या फंडातलंही फारसं काही उरणार नाही. त्यावर बोलणं प्रवासातच झालं होतं, म्हणजे विश्राम बोलला होता आणि सुगंधा खिडकीबाहेर बघत होती.

विश्रामने स्वयंपाकघरात उभं राहून दोन्ही हात पसरले. दोन्हीकडे तळवे भिंतींना लागले.

"सुगंधा, पोळ्या लाटायच्या तर कोपर बाहेर काढावं लागेल."

"कोपर कशाला, माणूसच बाहेर काढू. तुम्ही हॉलमध्ये बसा."

"हॉल कुठला?"

"तुम्ही उभे होतात तो," श्रुतिका म्हणाली आणि सगळे हसले. धाकूही हसला. तो दारातच चौकटीला धरून उभा होता, घर दुसऱ्याचं म्हणून आत शिरला नव्हता.

सुगंधा खोलीत गेली, खिडकी उघडली, मिटली. कपाट कुठे, पलंग कुठे, देव कुठे, सगळं मनात लावून बघितलं. मग वर छताकडे बघत हळूच म्हणाली, "श्रुतिका, इथे झोपाळा लागेल का गं?"

"आत्या, छताला कड्या ठोकायला सोसायटी परवानगी देत नाही."

"नाही नाही, असंच विचारलं," सुगंधा म्हणाली. मागे वळली तर बाहेरच्या दारातून धाकू तिच्याकडेच बघत होता. मग तो लिफ्टकडे चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला तिने विषय काढला. धाकू त्या आठवड्यात जत्रेला गावी जायचा होता, कुडाळकडे. विश्रामचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणून तिला जाता येत नव्हतं.

"दादा, देवाक विचार ना. कौल लाव माझ्या नावान."

त्यांच्याकडे हे नवं नव्हतं. विहीर खणायची, मुलगी द्यायची, भावाभावांनी वेगळं व्हायचं, सगळं देवाच्या कानावर घालायचं. गुरव पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बघत राहतात. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नको म्हणतोय.

विश्रामने बशी खाली ठेवली. "पैसे आपले, हाडं आपली, आणि मत देवाचं!"

"तुम्हांला नाही कळायचं."

"मला नाही कळत, पण तुला तरी काय वाटतं? यायचंय का तुला?"

"म्हणून तर विचारायला सांगते ना."

धाकू कपात बघत होता. "विचारतंय," तो म्हणाला.

फोन आला तेव्हा ती झोपाळ्यावर मेथी निवडत होती. धाकूच्या मागे जत्रेतला ढोल ऐकू येत होता.

"डावो पडलो गो."

"नक्की?"

"डावो तो डावो."

तिने हातातली मेथीची काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "बरं. तू जेवलास?"

"जेवतलंय आता."

फोन ठेवला आणि तिला हलकं वाटलं. डोक्यावरची भरलेली घागर कुणीतरी उतरवून घ्यावी तसं. लगेच त्या हलकेपणाची लाजही वाटली, म्हणून तिने उरलेली मेथी भराभर निवडून टाकली. विश्रामला सांगितलं तर तो "सुटलो" म्हणाला, आणि तिचं तोंड बघून घाईघाईने पुढे म्हणाला, "म्हणजे, देवाची इच्छा."

हेच मग तिने सगळ्यांना सांगितलं. आमची फार इच्छा होती हो, पण देवाच्या मनात नव्हतं. इतक्या वेळा सांगितलं की त्यातला पहिला अर्धा भाग तिला स्वतःलाही खरा वाटायला लागला. अकराव्या मजल्यावर मार्चमध्ये दुसरं कुटुंब आलं.

धाकूचा फोन रोज अकराला येत राहिला. जेवणाचं विचारून व्हायचं, दुधीला नावं ठेवून व्हायची. "येतलंस मगे?" मात्र त्याने पुन्हा विचारलं नाही. हे तिला आठ-दहा दिवसांनी उमगलं. तीही त्यावर काही बोलली नाही.

जुलैत धाकू न्हाणीघरात पडला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नितेश आणि श्रुतिका किती रजा काढणार? सुगंधा आली, तीन आठवड्यांची तयारी करून. नऊनंतर घरात ती आणि तो. डॉक्टरीणबाई येऊन पायाचे व्यायाम करून घ्यायची, धाकू तिला मालवणीतून शिव्या द्यायचा, आणि त्या तिला कळत नाहीत म्हणून खूश व्हायचा. खाली औषध आणायला जाताना लिफ्ट कधी अकराव्यावर थांबायची. दारात छोट्या चपलांची रांग, हँडलला अडकवलेली पाण्याची बाटली. सुगंधा लिफ्टच्या आकड्यांकडे बघायची.

एका रविवारी ती आणि श्रुतिका सुक्या जवळ्यातला कचरा काढत बसल्या होत्या. धाकू आत झोपलेला.

"देवानेच नको म्हटलं," सुगंधा सवयीने म्हणाली, "नाहीतर आज खालीच असते मी. दादा पडला तेव्हा धावत आले असते."

श्रुतिकाचा हात थांबला. तिने आतल्या दाराकडे बघितलं.

"आत्या, बाबांना मी सांगितलं म्हणून सांगू नका. मीच होते ना जत्रेला बरोबर. बाबा देवळात कौल लावायला गेलेच नाहीत."

"म्हणजे?"

"गुरव थांबले होते. कळ्यासुद्धा भिजवून ठेवल्या होत्या. बाबा पायरीवर बसले, बराच वेळ बसले. मग म्हणाले, राहू दे, चल. आणि तिथूनच तुम्हांला फोन लावला."

सुगंधाने जवळा निवडून पुरा केला, डबा भरला, हात धुतले. त्या दिवशी तिने भावाला काही विचारलं नाही. सोमवारी सगळे कामावर गेल्यावर त्याला खुर्चीत बसवलं, पेज दिली आणि समोर बसली.

"दादा, तू माझ्याशी खोटं बोललास."

धाकूने चमचा ठेवला. कुणी सांगितलं ते विचारलं नाही.

"बोललंय."

"देवाच्या नावान?"

"देवाचा नाव घेवक नाय. डावो पडलो म्हटलंय. माझ्या डोळ्यांदेखत पडलो होतो तो." त्याने बोटाने खाली दाखवलं. "अकराव्या मजल्यार. तू छताकडे बघीत होतंस तेवा. तुझा तोंड मी तू लहान असल्यापासून बघतंय गो. देवाक कित्याक त्रास देव?"

"मग मला तसं सांगायचंस! मी आले असते. तू ये म्हटलं असतंस तर आले असते मी."

"म्हणानच नाय म्हटलंय. मी म्हणतंय म्हणान येतलंस, देव म्हणता म्हणान येतलंस. आणि मगे त्या काडेपेटीत जलमभर माझ्याकडे बघीत रवतलंस. आणि विश्राम? तो खय बसतलो? माझ्या उरावर?"

तिला हसू आलं नाही. त्यालाही ते आणायचं नव्हतं बहुतेक. त्याने पेजेचा वाडगा जरा लांब सरकवला.

"एक गोष्ट सांगतंय, रागावू नको. डावो पडलो म्हणान आपल्यात कोण गप बसता? तुझ्या लग्नाक बाबांनी तीनदा लावल्यानी. दोनदा डावो. तिसऱ्याक उजवो पडलो तेवा उठले. गुरव म्हणाक लागलो, अरे सोड आता त्येका. लोकांका खरांच काय व्हया असला मा, की ते देवाचीय पाठ सोडनत नाय." तो थांबला. "मी त्या पायरीर फोन हातात धरून बसान रवलंय. म्हटलंय, आता सुगंधा म्हणतली, दादा, परत लाव."

सुगंधा त्याच्या गुडघ्यावरच्या टॉवेलाकडे बघत राहिली.

"तू विचारलंस, जेवलास काय," धाकू म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. जे झालं ते सांगावं तसं.

मग तो पेज प्यायला, तिने वाडगा उचलला, आणि डॉक्टरीणबाईची वेळ झाली.

पुढचे तीन दिवस सुगंधा घरातलं सगळं करत राहिली. हात चालू होते, पण मन ओट्याशी नव्हतं. भावाचा राग यावा म्हणून तिने प्रयत्न करून बघितला, तो टिकेना. खरा राग कुणाचा येत होता ते तिला कळत होतं. वीस वर्षं ती जिथे राहिली त्या घराला तिने आपलं म्हटलं नव्हतं, आणि जे आपलं म्हणून उराशी धरलं त्याच्यासाठी एक झोपाळासुद्धा सोडायची तिची तयारी नव्हती. असं दोन्हीकडे माणूस कसं राहतं, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने देवाचं नाव सांगितलं असतं. आता ते सांगायची सोय उरली नव्हती.

दुपारी एकदा विश्रामला फोन लावून म्हणाली, "अहो, भटवाडीत एखादी खोली भाड्याने बघितली तर?"

पलीकडे त्याने बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." आणि थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, "तुळस वाळलीय जराशी. मी पाणी घालतो, पण माझा हात नाही तिला."

खोली बघायला ती गेली नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत आठवडा गेला, आणि मग तिला स्वतःचंच उत्तर ऐकू आलं.

त्या सकाळी धाकू वॉकर धरून पहिल्यांदा खोलीतून गॅलरीपर्यंत चालत गेला. डॉक्टरीणबाईने टाळ्या वाजवल्या, त्याने तिला एक ठेवणीतली शिवी दिली, ती "थँक यू काका" म्हणून गेली. सुगंधा त्याच्या पाठीशी उभी होती, पडलाच तर धरायला.

"दादा."

"काय गो?"

"मी येणार नाही इकडे राहायला." ती त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली. "देवाला नको विचारू. मीच सांगते. मी नाही येणार."

धाकूने मान वळवली नाही. वॉकरच्या दांड्यावरची त्याची बोटं घट्ट झाली, मग हळूहळू सैल झाली.

"बरां केलंस," तो म्हणाला. "तुझ्या तोंडान सांगितलंस ता बरां केलंस."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटला तर. वाटूचा नाय?" तो म्हणाला. "माका खुर्चीर बसव. पाय थरथरतत."

तिने बसवलं, पायांखाली उशी दिली. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "तिकीट बघ आता. विश्राम एकटो हा."

"बघते रे. आणखी चार-आठ दिवस राहते ना."

"बघ म्हटलंय."

ती चष्मा लावून फोन घेऊन त्याच्याशेजारी बसली. रविवारची तारीख टाकली. गाडी भरलेली असेल, वेटिंग दाखवेल, मग पुढचा रविवार बघू, असं तिने मनात धरलं होतं. रविवारी जागाच जागा होत्या. खिडकीसुद्धा मिळत होती.