बिनठिपक्याचा रबर

तीस वर्षं परीक्षेत पर्यवेक्षण केलं की माणसाची नजर बिघडते. समोरच्या पोराने नुसतं डोकं खाजवलं तरी मला त्याच्या बाहीत चिठ्ठी दिसायची. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांसाठी म्हणून जळगावातल्या धावणाऱ्या मंडळींच्या क्लबात गेले आणि ही नजर तिथेही सोबत नेली.

रविवारी सकाळी सहाला मेहरूण तलावाजवळून निघायचं, अडीच किलोमीटरवर वळायचं आणि परत यायचं. वळणावर उभा असलेला सभासद प्रत्येकाच्या मनगटात एक रबर अडकवतो. परतल्यावर तो डब्यात टाकला की वहीत हजेरी लागते. वही आणि रबरांची पिशवी माझ्याकडे होती. बाई कडक आहेत, म्हणून सगळ्यांनी ते काम माझ्याच गळ्यात मारलं होतं. बाहेरगावी असलात तर तिथे पाच किलोमीटर धावायचं आणि ग्रुपवर फोटो टाकायचा, तोही रविवार धरला जायचा. माझा आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा रविवार असाच धुळ्याला, माहेरी झाला होता. ज्याचे पन्नास रविवार आधी भरतील त्याने पुढे वर्षभर शिट्टी वाजवून सगळ्यांना सोडायचं, असं ठरलं होतं. एवढीशी शिट्टी, पण मला ती हवी होती. घरात आता माझ्या शब्दावर कुणी उठत-बसत नव्हतं.

सत्तेचाळीस रविवार होईपर्यंत शर्यतीत दोघंच उरलो, मी आणि चोपड्याकडचे एक नाना. केळीची बाग थोरल्याकडे सोपवून ते धाकट्याजवळ राहायला आलेले. सत्तरीचे, उजव्या पायाने किंचित लंगडणारे. जाताना कायम माझ्या मागे. मी वळून येताना ते समोरून भेटायला हवेत, पण कधी भेटले नाहीत. मी परतावं तर हे बाकावर बसून शेंगा सोलतायत, आणि यांचा रबर डब्यात पडलेला!

पुढच्या रविवारी मी दर शंभर पावलांनी मागे बघितलं. अर्ध्या वाटेवरच्या मोरीपाशी नाना वाकलेले दिसले. नाडी बांधत असतील म्हटलं. मग आठवलं, त्यांच्या बुटांना नाडीच नाही. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. मनात म्हटलं, नाना, आता सुटत नाही तुम्ही.

शनिवारी पिशवीतल्या प्रत्येक रबरावर मी लाल शाईचा ठिपका दिला. पुरवणीवर सही करायचे तशीच, एकेक करून. रविवारी धावून येताच डबा उपडा केला. एक रबर बिनठिपक्याचा निघाला.

"नाना, हा घरून आणलेला दिसतोय," मी सगळ्यांसमोर म्हणाले. आवाज माझा मलाच वर्गातला वाटला.

"हां, घरनाच शे," नाना शेंगा बाजूला ठेवत म्हणाले. "मन्हा पाय दुखतस, अक्का. मी मांगे ऱ्हायनू का बठ्ठासना चहा थांबस. म्हनीसन मी पाच वाजताच पुरं पयी येस. मंग तुमनासंगे निस्तं मोरीलोंग."

"पाचलाच एकटे पूर्ण धावून येता, आणि आमच्यासोबत नुसतं मोरीपर्यंत? हे बघितलं कुणी?"

आमच्यातले एक डॉक्टर हसायला लागले. "बाई, रस्त्यावर फक्कीचे बाण कोण काढतं असं वाटलं तुम्हाला? वळणापर्यंत दर रविवारी ताजे असतात."

मी रस्त्याकडे पाहिलं. पांढरे बाण होते. नानांच्या उजव्या बुटावरही पांढरं होतं. इतके रविवार मी त्या बाणांवरून धावले होते आणि नजर काय ती माणसांच्या मनगटावर ठेवली होती.

नाना मात्र रागावले नव्हते. उलट मलाच सावरून घेत सगळ्यांना म्हणाले, "अक्का आखाजीले धुयाले एकल्याच पयन्यात ना? तठे कोन मोजाले व्हतं? तसंच शे हाई."

मला खाली बघावं लागलं. आखाजीच्या त्या सकाळी मी बूट घातले, भावाच्या स्कूटरवर बसून पांझरेच्या पुलापर्यंत गेले, बाटलीतलं पाणी कपाळावर शिंपडलं आणि फोटो काढला. अर्ध्या तासात घरी येऊन वहिनीच्या हातचे खापरावरचे मांडे खात बसले होते. एवढ्या सगळ्यांत खोटं धावलेलं माणूस एकच होतं, आणि वही त्याच्याच हातात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी दोघांचेही पन्नास भरले. नाना म्हणाले, "शिट्टी अक्काले द्या."

मी म्हणाले, "नको, नानांनाच द्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचं मन मोठं, असं डॉक्टर म्हणाले. खरं सांगायला तीच वेळ होती. मी टाळ्या संपेपर्यंत उभी राहिले आणि मग वही मिटली. आखाजीच्या रकान्यात माझी हजेरी अजून तशीच आहे.