सव्वा वर्षाची खुर्ची

"खुर्ची खाली करा, खुर्ची," भाऊ आमच्या अंगणात उभे राहून ओरडत होते. "सव्वा वर्ष होऊन गेलं. तुम्ही शब्द दिला होतात की चहा पाजला होतात? संपला, विसरलात?"

भाऊंचा आवाज असा, की तिकडं अंबरनाथ एमआयडीसीत पाळी सुटल्याचा भोंगा झाला असं समजून लोकांनी डबे आवरले, रिक्षा धरल्या आणि घरी जाऊन झोपले. हे मला एका रिक्षावाल्यानं सांगितलं, आणि रिक्षावाला माझ्याशी कशाला खोटं बोलेल?

ओरडणं माझ्या काकांसाठी होतं. काका ओट्यावर दाढीला बसले होते. अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा, आणि चेहऱ्यावर शाळेत घोकून न आलेल्या पोराचा भाव. खुर्ची म्हणजे आमच्या पंचायत समितीच्या सभापतीची. ती काकांची नव्हतीच. पद महिलांसाठी राखीव होतं. निवडून आली होती काकी, सभापती होती काकी. काका नुसते सभापतींचे नवरे. पण जीपच्या पुढच्या सीटवर काका, सत्काराच्या शालीत काका, बोअरवेलचा नारळ फोडायला काका. भाऊसुद्धा तसेच. सदस्य त्यांची बायको, आवाज मात्र भाऊंचा.

या पदाचा इतिहास ज्याला लिहायचा असेल त्यानं सरकारी दप्तरात धूळ खाऊ नये. सरळ उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जावं. कारण आमच्याकडं कुठलाच सभापती आधीच्याच्या खुर्चीवर बसत नाही. जुन्याची साडेसाती नव्याच्या पाठीला चिकटते म्हणे. पहिले सभापती सोनिवलीकडचे शेतकरी. त्यांना मांडी घातल्याशिवाय विचार सुचत नसे, म्हणून त्यांची खुर्ची बाजेएवढी रुंद. सभा चालू असताना कुणाचा बैल सुटला की सभा तहकूब, आणि सगळे सदस्य बैलामागं. दुसरे बुटके. त्यांनी खुर्ची इतकी उंच करून घेतली की सहीला फायली काठीवर टांगून वर द्याव्या लागत. तिसरे वास्तुशास्त्रवाले. तोंड पूर्वेला, आणि लोक यायचे पश्चिमेच्या दारानं. त्यांच्यासाठी फिरती खुर्ची आणली, तर ती थांबेचना. अविश्वास ठरावाच्या दिवशी साहेब गरगरत गरगरत विरोधकांकडं तोंड करून थांबले आणि स्वतःविरुद्ध हात वर करून मोकळे झाले.

हा सगळा इतिहास ज्या सिंधी शेटच्या दुकानातून गेला, तो म्हणतो, "साईं, पहले पाँच साल में एक कुर्सी जाती थी. अभी सवा साल में जाती है. लोकशाही बहोत बढ़िया चीज़ है."

सव्वा वर्षाची भानगड अशी. पद अडीच वर्षांचं, आणि डोळा प्रत्येकाचा. मग ते मधोमध कापून वाटून घ्यायचं. मतदानाआधी सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचं, मोबाइल काढून घ्यायचे, रिसॉर्टच्या दाराशी माणसं बसवायची. आमच्या गटानंही नेलं. फक्त नेले ते नवरे. तिकडं मुरबाडच्या पलीकडं सगळे नवरे चड्डीवर पोहण्याच्या तलावात, मोबाइल कुलपात, भिंतीभोवती पहारा. आणि ज्यांच्या हातात मत होतं त्या बायका घरी निवांत पापड लाटतायत. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. विरोधकांच्याही नाही. त्यांनी भिंतीवरून आमचा एक नवरा पळवलासुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, तेव्हा गाडी करून परत आणून सोडला, जेवायला घालून.

त्या तलावाच्या काठावर नारळावर हात ठेवून शपथ झाली. पहिलं सव्वा वर्ष काकी, दुसरं भाऊंची बायको. हात काकांचा आणि भाऊंचा.

सुरुवातीला काकी काका बोट ठेवतील तिथं सही करायची. मग काकांना कावीळ झाली आणि मासिक सभेला तिला एकटीला जावं लागलं. ती त्या खुर्चीवर बसली, समोरचं पाणी प्यायली आणि इंजिनिअरला म्हणाली, "माज्या माहेरचा पाइप कुठं अडकलाय?"

तिचं माहेर डोंगराच्या कुशीतला एक पाडा. बायका अजून ओढ्यातून हंडे वर वाहतात. लहानपणी तिनंही वाहिले, मान आखडेपर्यंत. तिथं पाण्याची टाकी उभी आहे, पण तिच्यात कबुतरांच्या इतक्या पिढ्या नांदल्या की आता त्यांची भाऊबंदकी सुरू झालीय. त्या दिवसापासून काकी पाइपच्या मागं लागली. इंजिनिअर तिकडं शहरात, हेंद्रेपाड्यात राहतो. त्याच्या घरी सकाळी दार उघडलं की दुधाच्या पिशवीआधी काकी दिसायची. पाइप एकेक चढ चढत आला, शेवटच्या चढाशी पोचला, आणि सव्वा वर्ष संपलं. आमच्याकडं सभापती बदलला की पाइप वळतो. नव्याचं गाव वेगळं, नव्याचा मेव्हणा वेगळा. काकी आता उठली असती तर टाकी कबुतरांच्या नावावर कायमची झाली असती.

म्हणून ती उठली नाही, आणि म्हणून भाऊ ओरडत होते.

भाकरीच्या पिठाचे हात घेऊन काकी बाहेर आली. "कनाला वरडताव, भावजी?"

"वहिनी, देवासमोर शपथ झालीय. मोडणार?"

"कुनी घेतली?"

भाऊंनी काकांकडं बोट केलं.

"मंग राजीनामा त्यांनी द्यावा."

काकांचा साबण वाळून पांढरा झाला होता. "अगं, मी कशाचा देऊ? मी आहे कोण?"

"ते मी लग्न झाल्यापासून बघतेय," काकी म्हणाली.

भाऊंनी फोन काढला, स्पीकरवर टाकला. "आता हिच्याच तोंडून ऐका," असं आम्हाला बजावून बायकोला म्हणाले, "अगं, हे लोक खुर्ची सोडत नाहीत."

"तिच्या माहेरी पाणी आलं?"

"नाही."

"मग मी बसणार नाही. आमचं ठरलंय तसं."

"कधी ठरलं?"

"तुम्ही पोहायला गेला होतात तेव्हा."

भाऊंनी फोन खिशात घालायला तीनदा खिसा शोधला. मग चहा मागितला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र जे झालं ते तालुक्यानं कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची मोकळी करायचा एकच रस्ता उरला, आणि तो पाइपसाठी खणायच्या चरातून जात होता. भाऊ चराच्या एका टोकाला ठाण मांडून ठेकेदारावर ओरडायला लागले. खडक कुदळीला दाद देत नव्हता, तो भाऊंच्या आवाजानं तडकला. काका दुसऱ्या टोकाला, मजुरांना पाणी द्यायला. जिथं वर्षानुवर्षं फाइल हलली नव्हती तिथं पाइप सापासारखा सरपटत वर गेला. कबुतरांना बिऱ्हाड हलवायलासुद्धा सवड मिळाली नाही.

नळ सोडायच्या दिवशी अख्खा पाडा जमला. भाऊंनी उल्हासनगरहून नवी खुर्ची थेट टेम्पोतून वर आणली होती, प्लास्टिक न काढता. त्यांची बायको टेम्पोच्या सावलीत बसली होती. नळ खाकरला, एक पीस बाहेर टाकलं, आणि पाणी आलं. म्हाताऱ्या बायकांनी हंडे लावले. एकीनं भरलेला हंडा ओतून दिला आणि पुन्हा लावला, नुसतं बघायला. काकी सगळ्यांत शेवटी पुढं झाली. तिनं नळाखाली हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आम्ही कुणी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

भाऊंनी टाइप केलेला राजीनामा आणि पेन पुढं केलं. "झालं ना, वहिनी, मनासारखं? आता एवढी सही."

काकीनं हात काढला नाही.

"प्रेशर कमी हाय," ती म्हणाली.