पाण्याची मार्टिनी

खरातदादा मार्टिनीचा तिरक्या कडांचा ग्लास दांडीला धरायचे, दिव्यासमोर नेऊन पाहायचे आणि ओठांना लावण्याआधी मान न वळवता विचारायचे, "दत्ता, पाणी ना?"

सेटवरच्या कुठल्या तरी पेटाऱ्याआडून दत्ता साळवीचा आवाज यायचा, "पाणीच रे मेल्या. तुझ्या नशिबात दुसरा काय आसा?"

मग हशा, मग कॅमेरा सुरू. मी त्या युनिटमध्ये नवा सहायक दिग्दर्शक होतो. मला वाटलं, दोन जुन्या मित्रांचा ठरलेला विनोद असेल. नंतर कळलं की खरातदादा थट्टा करत नसत. ते खरंच विचारत असत.

यशवंत खरात यांना तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. सिनेमात पार्टी चालू असते, नायक बारवर कोपर टेकून बोलत असतो आणि त्याच्या खांद्यामागे काळं जॅकेट घातलेला, मधोमध भांग पाडलेला एक माणूस फडक्यानं ग्लास पुसत असतो. ते खरातदादा. अंधेरीच्या स्टुडिओंत त्यांना सगळे 'बारमन' म्हणत. त्यांच्या हातातले ग्लास भरायचा तो दत्ता, घाटकोपरहून येणारा प्रॉपर्टीवाला. सेटवर हातात धरायची जी काही वस्तू असेल, ती त्याच्या ताब्यात. ऑलिव्हच्या जागी हिरवं द्राक्ष काडीला टोचून ग्लासात सोडायची युक्ती त्याचीच. खरातदादा वैतागायचे, "अरे, द्राक्ष तरंगतंय." दत्ता म्हणायचा, "तरंगू दे. नायक पण तसोच तरंगता."

तरुणपणी खरातदादा विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात ग्लास धुवायला लागले आणि पुढे बारमागे उभे राहिले. हात इतका बसला की परदेशी पाहुणे नाव घेऊन त्यांच्याकडूनच मार्टिनी मागायचे. ती त्यांनी एकदाही चाखली नव्हती. हे ऐकून मला धक्काच बसला. मी हसलोही.

"एवढी वर्षं बारमागे, आणि चव ठाऊक नाही?"

"मुंबईत समुद्र बघणारे सगळे पोहतात काय?"

त्यांचे वडील दारूनं गेले. आईनं पोरांना घेऊन जोगेश्वरी गाठली आणि दर रविवारी विहारात नेऊन पंचशील म्हणायला लावलं. दारू न पिण्याचं पाचवं शील आलं की ती यशवंताचा दंड घट्ट धरायची. "माझ्या आईला वाटायचं, ते शील पोराच्या दंडातून आत जातं," ते म्हणायचे. हॉटेलातलं काम त्यांना टोचत होतं. स्वतः प्यायची नाही आणि दुसऱ्याला हसून ओतायची, हे त्यांना पटेना. एका पार्टीसीनला खरा बारमन हवा म्हणून कुणी तरी त्यांना स्टुडिओत नेलं, आणि तिथल्या सगळ्या बाटल्यांत पाणी आणि चहाचं पाणी आहे हे बघून त्यांनी दुसऱ्या दिवशी हॉटेल सोडलं. "सिनेमातला बार म्हणजे जगातला एकमेव दारूबंदीचा बार," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे.

मार्टिनीवर ते कीर्तन करायचे. शॉटला वेळ असला की कुणाला तरी पकडायचे. "हिच्यासाठी गावं भांडतात. कॅलिफोर्नियात सोनं खणायला गेलेल्यांचं एक गाव म्हणतं, आमच्या बारमध्ये जन्मली. न्यूयॉर्कचं एक हॉटेल म्हणतं, आमच्याकडे. इटलीतली वर्मुथवाली कंपनी म्हणते, नाव तर आमचंच आहे." त्यांची निष्ठा सोनेवाल्या गावावर होती. त्याला पुरावा नाही असं मी एकदा वाचून सांगितलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मार्टिनी म्हणजे जिन, वर्मुथ, बर्फ. वर्मुथ म्हणजे जडीबुटी घातलेली वाइन, एवढं आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. "आधी ही गोड होती, विनू. वर्मुथ भरपूर असायची. लोकांकडे जसजसा पैसा आला तसतशी वर्मुथ घटली, ती कोरडी होत गेली. माणसांचंही तसंच होतं." अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा लोक घरीच जिन पाडायचे, हे सांगताना ते डोळे मिचकावत, "म्हणजे आपल्याकडच्या हातभट्टीसारखंच, फक्त ग्लास तिरका."

सिनेमातली मार्टिनी तर त्यांनी आयुष्यभर गोळा केली होती. जुन्या कृष्णधवल इंग्रजी सिनेमात श्रीमंत नवरा-बायको ती भांडताना पितात. मग हेर आले, ते पिऊनही शुद्धीवर राहतात. हलवून मागणाऱ्यांचा खरातदादांना राग. "हलवली की बर्फ फुटतो, गढूळ होते. ढवळायची, हळू. रागावलेल्या बायकोशी बोलतो तशी." आणि आपल्या सिनेमात? "आपल्याकडे बाईच्या हातात तो तिरका ग्लास दिला की डायलॉगची गरज नाय. ती वाईट आहे हे शेवटच्या रांगेतल्याला पण कळतं. चांगली बाई सरबत पिते." ही दारू सिनेमावाल्यांना का आवडते, त्याचं कारणही ते सांगत. "व्हिस्कीला चहाचं पाणी रंग बघून करावं लागतं. हिला काय? पाणी ओता, झाली. खरी आणि खोटी शेजारी ठेव, कॅमेऱ्याला ओळखता येणार नाही. मला पण नाही. वास घेतला तरच."

हे ते मलाच सांगत होते. मी ते नीट ऐकलं होतं.

काही वर्षांपूर्वी अंधेरीत आम्ही एका मराठी वेबमालिकेचं शूटिंग करत होतो. तिच्यात म्हाताऱ्या बारमनचा एक छोटा प्रसंग होता. न येणाऱ्या पाहुण्यासाठी तो मार्टिनी बनवतो, स्वतःच घोट घेतो आणि म्हणतो, "आज जमली." खरातदादांचं आयुष्यातलं पहिलं वाक्य, पहिला क्लोजअप. अर्ध्या जोगेश्वरीला त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्या पत्नीनं, मालनवहिनींनी, घरचा शर्ट कडक इस्त्री करून दिला होता. सेटवर कपडे मिळतात, हे माहीत असूनही.

टेकमागून टेक झाले. वाक्य बरोबर, हात सुंदर, पण घोट घेतला की चेहरा कोराच. दिग्दर्शक कानातला हेडफोन काढून माझ्याकडे वळला. "पाणी पितोय असं दिसतंय यार. विनय, काहीतरी कर ना."

त्या काळात मला त्याच्या पुढच्या मालिकेचं स्वतंत्र दिग्दर्शन हवं होतं. 'काहीतरी कर' म्हटल्यावर काहीतरी करणारा माणूस मला व्हायचं होतं.

लेबलच्या क्लोजअपसाठी एकच खरी जिनची बाटली आणलेली होती. दत्तानं ग्लास भरून ठेवला. खरातदादांनी विचारलं, दत्तानं उत्तर दिलं, लोक हसले. तेवढ्यात लाइट सरकवायचा निघाला. खरातदादा पावडर लावून घ्यायला गेले, दत्ता द्राक्ष बदलायला. मी ग्लासातलं पाणी बर्फाच्या बादलीत टाकलं आणि जिन ओतली. कुणी पाहिलं नाही. खरातदादा परत आले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारून झालं होतं.

त्यांच्या शीलाबद्दल मला माहीत होतं. 'त्या क्षणी लक्षात आलं नाही' असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. लक्षात होतं. एका घोटानं काय होतंय, असं वाटलं होतं.

त्यांनी चांगला मोठा घोट घेतला. चेहऱ्यावर जे आलं ते मी शब्दांत मांडणार नाही. ते आजही कुणालाही पाहायला मिळतं. कॅमेरा चालू होता आणि टेक बिघडवायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. "आज जमली," ते म्हणाले, आणि आवाज मधेच फाटला.

"झकास!" दिग्दर्शक ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

खरातदादा नळावर गेले, चुळा भरत राहिले, आणि परत येऊन दत्तासमोर उभे राहिले.

"तू पाणी म्हणालास."

"काय झाला रे?" दत्तानं ग्लास हुंगला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आवशीची शपथ, खराता, मी पाणीच भरलंय!"

दत्ताच्या झोळीत क्वार्टर असायची, हे सगळ्या युनिटला ठाऊक होतं. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, "साळवी, दुपारी लावून आलास ना? वाट लावलीस तू बिचाऱ्याची." दत्ता एकेकाकडे बघत होता. त्यानं माझ्याकडेही पाहिलं. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. हातातले कागद चाळले. पुढच्या अँगलला खरातदादांनी ग्लास स्वतः उचलला, नळावर जाऊन स्वतः भरला. दत्ता बाजूला रिकामा जग घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवसापासून त्याला बोलावलं नाही.

खरातदादाही त्यानंतर कामावर आले नाहीत. महिन्याभरानं मी जोगेश्वरीला गेलो. सांगायलाच गेलो होतो.

"विहारातल्या भंतेजींना विचारलं," ते म्हणाले. "म्हणाले, शील मोडलं नाही. तुझी चेतना नव्हती, हेतू नव्हता. पटलं मला. पण विनू, देणाऱ्याचा होता ना हेतू? दत्तानं असं का केलं असेल रे? थट्टा म्हणून?"

मी चहा प्यायलो आणि निघालो.

मधे वर्षं गेली. माझं स्वतंत्र दिग्दर्शन झालं, ते कुणी पाहिलं नाही. पण तो प्रसंग कापून कुणी तरी मोबाइलवर फिरवला. 'अभिनय याला म्हणतात' असं वर लिहून. तो मला चारी बाजूंनी येऊ लागला. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे आजोबा कसले भारी आहेत! तुम्ही ओळखता?" त्या दुपारी मी पुन्हा जोगेश्वरीला गेलो.

ते अंथरुणाला लागले होते. डायलिसिस चालू होतं, दंडाची काडी झाली होती. मला बघून मात्र उठून बसले, भांगावरून हात फिरवला.

"बरं झालं आलास. एक चांगली बातमी आहे. दत्ता येऊन गेला."

"दत्ता?"

"माफी मागून गेला रे. म्हणाला, त्या दुपारी मी घेतलेली होती, मला नीट आठवत नाही, पण माझ्याच हातून झालं असणार. पायावर डोकं ठेवलं त्यानं. दारू सोडली म्हणे त्याच दिवसापासून. आता दर रविवारी येतो."

इतकी वर्षं मला वाटत होतं की दत्ताला निदान स्वतःपुरतं तरी खरं ठाऊक आहे. सगळ्यांनी मिळून सांगितल्यावर तो स्वतःच्या हातांवरचा विश्वास गमावून बसेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माफी मागितली गेली होती, मिळालीही होती, आणि दोन्हींशी माझा संबंध नव्हता. गप्प राहिलो असतो तर त्या दोघांचं सुरळीत चाललं असतं.

"दादा, दत्तानं पाणीच भरलं होतं," मी म्हणालो. "जिन मी ओतली."

मालनवहिनी दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो तसाच जमिनीवर ठेवला.

खरातदादा "तू?" एवढंच म्हणाले, आणि पुन्हा एकदा, "तू?" मी त्यांना शॉटचं कारण सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"आधी दत्ताकडे जा. आजच. त्याच्या बायकोसमोर सांग."

"जातो. दादा, मला..."

"थांब. माझं पण ऐक. मी कुणाला सांगितलेलं नाही, हिला पण नाही." त्यांनी वहिनींकडे पाहिलं नाही. "कडू लागली असती ना, तर मी दत्ताला दुसऱ्या दिवशीच माफ केलं असतं. मला ती आवडली रे, विनू. मी लोकांना सांगायचो तश्शीच होती. गार, कोरडी. त्यानंतर बारमागे उभं राहायची छाती झाली नाही माझी. घरी बसलो तरी रोज संध्याकाळी जिभेला आठवण यायची. बापाला काय व्हायचं ते मला म्हातारपणी कळलं. एक थेंब घेतला नाही. पण आधी न घेणं सोपं होतं. तू ते अवघड करून ठेवलंस."

वहिनी खाली बसल्या. खरातदादांच्या आवाजात राग नव्हता.

"आता तू येऊ नकोस," ते म्हणाले. "शिक्षा म्हणून नाही. तू समोर दिसलास की मला ती चव आठवेल."

मी थेट घाटकोपरला गेलो. दत्ताच्या बायकोसमोर सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो मारेल. तो पायरीवर बसला. "म्हणजे मी केलंय नाय?" असं त्यानं लहान पोरासारखं विचारलं. मी नाही म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं. मग तो रडायला लागला आणि त्याच्या बायकोनं मला, अगदी सभ्यपणे, जायला सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात दत्ताचा फोन आला. "खरात गेलो," तो म्हणाला. मी चपला शोधायला लागलो. माझ्या हालचालींचा आवाज त्याला ऐकू गेला असावा. "तू येव नको," तो म्हणाला. "तेका नको होता."

मी गेलो नाही. खरातदादांनी सांगितलेलं मी एवढं तरी ऐकलं.