दोन तलासऱ्या आणि एक मामा

आधीच सांगून ठेवतो. भूतखेत, चकवा, बाहेरचं वगैरे मी काहीही मानत नाही. या ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचले की मी बायकोला म्हणायचो, "यांना रात्रीचं जेवण जरा जास्तच होतं बघ." तर आता माझाच ऐका. आणि सकाळची वेळ होती, लख्ख ऊन होतं, मी पीत नाही. कमेंटमध्ये तेवढं विचारत बसू नका.

माझा वाणगावात मिरचीचा धंदा आहे. माझी मोठी बहीण, सुनंदाताई, गंजाडला दिलेली. भावोजींनी हल्लीच तलासरीला हायवेजवळच्या नवीन प्लॉटिंगमध्ये घर बांधलं. ते घर मी पाहिलं नव्हतं, कारण भावोजी आणि मी बोलत नव्हतो. का बोलत नव्हतो तेही सांगतो, म्हणजे चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा.

माझ्या मुलाच्या साखरपुड्यात मी सगळ्या मानाच्या माणसांना टोपी, टॉवेल, नारळ दिला. रीतच आहे ती. भावोजींना टोपी बसेना. चारचौघांत म्हणाले, "हरेश, मलाच लहान टोपी आणलीस?" मी म्हटलं, "टोप्या सगळ्या एकाच मापाच्या आहेत भावोजी, डोकंच..." पुढचं मी बोललोसुद्धा नाही! लोक हसले, त्याला मी काय करू? पण भावोजी भरलं ताट सोडून निघून गेले. वास्तुशांतीचं आमंत्रणसुद्धा आलं नाही मला.

मग भाचीचं, रोशनीचं, लग्न ठरलं. आमच्याकडे मांडवाची पहिली मेढ, म्हणजे उंबराची फांदी बांधलेला खांब, नवरीचा मामा घेऊन येतो आणि स्वतःच्या हाताने रोवतो. एकदा रोवली की लग्न होईपर्यंत कोणी उपटायची नाही. ताईचा फोन आला. "मेढ तुझ्याच हाताची लागेल. आणि आलास की यांच्याशी नीट बोल. नाहीतर हे मला आयुष्यभर ऐकवतील, आणि माझं माहेर संपलं असं समज," असं म्हणून ती रडायलाच लागली. ताई रडली की मला काही सुचत नाही.

"माफी मागून मोकळे व्हा," मंदा म्हणाली. मंदा म्हणजे माझी बायको.

"मेढ लावीन. माफी नाही. चूक माझी नाही."

सकाळी मागे मेढ बांधून पिकअप काढली. मंदा म्हणाली लोकेशन मागवा. मी म्हटलं, "वेडी आहेस का? याच हायवेने मी वर्षानुवर्षं मिरची नेतोय आणि मला लोकेशन?" ताईने खुणा सांगितल्याच होत्या. पूल चढायचा नाही, खालून डावीकडे, पाण्याची टाकी, हनुमानाचं देऊळ, प्लॉटिंगची कमान, आत तिसऱ्या गल्लीत गुलाबी घर. आमच्याकडे पत्ता असाच सांगतात आणि माणूस असाच पोचतो.

आता या हायवेवरची गावं ज्यांनी पाहिलीत त्यांना कळेल. मनोर घ्या, चारोटी घ्या, तलासरी घ्या, पार अच्छाडपर्यंत जा... एक पूल, पुलाखाली रिक्षा, वडापावची गाडी, मोबाईल रिपेरिंग, चिकन सेंटर आणि कोणातरी दादाच्या वाढदिवसाचा बॅनर. बॅनरवरचा दादासुद्धा तोच वाटतो. पाट्या अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत. त्यामुळे गुजराती पाटी दिसली म्हणून आपण हद्द ओलांडली असं आमच्यातलं कोणी समजत नाही.

पूल आला. टाकी, देऊळ, कमान, सगळं ओळीने आलं. तिसऱ्या गल्लीत गुलाबी घर, दारात मांडवाचे बांबू आणि बरीच माणसं. गाडी थांबते न थांबते तोच पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे बाबा धावतच आले.

"अरे मामा, किती उशीर! मुहूर्त चाललाय! उतरवा रे मेढ!"

मंदाला बायकांनी हाताला धरून आत नेलं. ओळखीचं कोणी दिसेना, पण भावोजींचं नवीन गाव, नवीन शेजारी, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. यजमान कुठे म्हणून विचारलं, तर पाण्याच्या टँकरमागे गेलेत म्हणे. मी मनात म्हटलं, चांगलंय, मला तोंड द्यायला नको म्हणून टँकर शोधतोय. ताई? ती देवापाशी बसली आहे. मग मी बाह्या सरसावल्या, खड्ड्यात हळदकुंकू, सुपारी टाकली, मेढ रोवली, माती दाबली. नारळ फुटला. बाबांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, ती अगदी मापात बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

मग नवरी पाया पडायला आली. हळदीची साडी, हातभर बांगड्या... आणि ती रोशनी नव्हती!

"ही कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? हिचंच लग्न, मामा."

"अहो, पण ही माझी भाची नाही!"

"तुम्ही मामा ना?"

"मामा आहे हो, पण हिचा नाही!"

तेवढ्यात मंदा ओटी सांभाळत बाहेर आली आणि माझ्या कानाशी लागली, "अहो, आत आपली एकपण बाई नाही. आणि देवापाशी बसलीय ती ताई नाही हो, दुसरीच कोणीतरी आहे."

मी बाबांना विचारलं, "हे तलासरी ना?"

"तलासरीच की. दुसरं काय असणार?"

त्या पोरीचा चेहरा पडला. "मग माझा मामा कुठाय?" ती म्हणाली. बाबांनीच निकाल लावला. "मेढ लागली ती लागली. आता ती काय उपटायची नाही. तुम्हीच मामा." पोर वाकली, मी आशीर्वाद दिला. ओळख ना पाळख, तरी अगदी मनापासून.

मग मात्र पळालो. माझ्या ताईच्या दारात मेढ नाही, मुहूर्त टळलेला, भावोजी म्हणणार बघ तुझा भाऊ! फोनला रेंज नाही. मंदा देवाचं नाव घेतेय, मी शिव्या घालतोय. हायवेला लागून उलट फिरलो, आणि थोडं जातोय तोच समोर पूल. खालून टाकी. हनुमान. कमान.

"अहो, परत तिथेच आणलंत!" मंदा ओरडली.

तिसरी गल्ली, गुलाबी घर, मांडवाचे बांबू. आणि दारात रोशनी. आमचीच रोशनी!

"मामा, बर्फ मिळाला?"

तिच्या मागे मेढ उभी होती. उंबराची फांदी बांधलेली, तोडलेल्या जागी चीक अजून ओला. कोणी लावली म्हणून विचारणार, तोच आतून भावोजी आले. मी तयारीतच होतो, आता हा माणूस माझी काढणार. तर त्यांनी येऊन मला घट्ट मिठीच मारली! ताई पदराने डोळे पुसत होती.

"एवढ्या माणसांत पाया पडलास यांच्या," ताई म्हणाली. "आपल्या बाबांच्यासुद्धा कधी पडला नाहीस रे. माफी मागितलीस, रडलास... मी भरून पावले बघ."

माफी? मी? रडलो? माझ्या नावाने कोणीतरी येऊन माफी मागून गेला, तीही चूक नसताना! माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडलंच होतं, पण मंदाने मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं. ते बघून भावोजींनी परत मिठी मारली. मी ताईकडे पाहिलं. एवढी खूश मी तिला तिच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

"बर्फ संपला होता," मी म्हटलं.

लग्न थाटात झालं. नंतर फोटो मागवले. एका फोटोत भावोजींच्या पायाशी एक माणूस वाकलाय, शर्ट मी त्या दिवशी घातलेला तोच, निळ्या चौकडीचा, तोंड खाली असल्यामुळे दिसत नाही. ताई म्हणते पाठ तुझीच. मंदा म्हणते, तुमची पाठ एवढी वाकतच नाही. ताई शपथेवर सांगते की तिने स्वतः मंदाची ओटी भरली. मंदा म्हणते, माझी ओटी त्या घरात भरली, आणि एका सकाळी दोनदा भरलेली मला कळली नसती का?

नंतर मी ती दुसरी तलासरी शोधायला बऱ्याचदा गेलो. अच्छाडच्या चेकनाक्यापर्यंत, पुढे गुजरातेतही. चहावाल्यांना विचारलं, ट्रकवाल्यांना विचारलं. पूल मिळाले, टाक्या मिळाल्या, हनुमान तर भरपूर मिळाले. ते घर नाही मिळालं. मित्र म्हणतात, एकाच बिल्डरची दोन प्लॉटिंग असतील, त्यात काय एवढं. असतील हो. घरं एका बिल्डरची असतील, पण मामा कोणत्या बिल्डरने बांधला? त्या पोरीचं लग्न नीट झालं असेल ना, हेही मधूनमधून मनात येतं. मेढ माझ्या हातची आहे शेवटी.

रोशनीच्या पाठवणीला मी भावोजींना हळूच विचारलं, "त्या दिवशी मी नक्की काय बोललो हो?" त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "परत नको बोलूस हरेश. मला सहन नाही होत."

मग परवा रोशनीच्या दिवाळसणाला सगळे जमलो होतो. भावोजी केस काळे करून आले होते. मी एवढंच म्हटलं की कपाळालापण थोडा रंग लागलाय. लोक हसले, त्याला मी काय करू? भावोजी ताट सोडून उठले.

काल ताईचा फोन. रडतच होती. "हरेश, तेव्हा जे बोललास ना, तेच परत बोल रे एकदा. तेवढ्याने विरघळतील हे."

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, आणि खरं म्हणजे आता मला अर्थ नकोच आहे. पण तो दुसरा मामा, निळी चौकडी शर्टवाला, हे वाचत असेल तर कृपा करून मला मेसेज करा. तुमच्या भाचीची मेढ मी व्यवस्थित लावली आहे, काळजी नको. तुम्ही भावोजींना काय बोललात तेवढं फक्त कळवा. चूक माझी नाहीच आहे... पण ताई रडतेय हो.