उलट बाजूचे सोळा झेंडे

कॉलेजच्या प्रश्नमंजूषा संघात तीनच जागा होत्या. स्पर्धा अकोल्याला, आणि त्यात झेंडे ओळखण्याची एक फेरी. आमचा कप्तान अमरावतीतल्या वकिलाचा मुलगा, माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे. त्याने जग वाटून टाकलं. युरोप स्वतःकडे ठेवला, आशिया दुसऱ्याला दिला आणि मला म्हणाला, "तू पश्चिम आफ्रिका कर. सोळा देश आहेत. रंग सारखेच सगळ्यांचे. फारसं विचारत नाहीत."

मी बरं म्हटलं. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. तिथे 'नाही' कधी म्हणायचं असतं, ते मला कळत नव्हतं. संघ निवडणाऱ्या सरांनी सांगितलं, शनिवारी विचारतो. सगळे आले तर तिसरी जागा तुझी.

घरी एकच मोबाइल. त्याच्या स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आलेली, त्यामुळे प्रत्येक देशाला एक हिरवा पट्टा फुकट मिळायचा. शेवटी लायब्ररीतल्या नकाशांच्या पुस्तकावरून झेंडे वहीत उतरवले.

आई नांदगाव पेठला कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर असते. वही पाहून म्हणाली, "रेघोट्या मारून काय होते वं? हातानं कर, मंग ध्यानात राहते." सुपरवायझरला विचारून तिने पिशवीभर चिंध्या आणल्या. तिवस्याच्या घरी आमच्या जुन्या मशीनवर मी ते झेंडे शिवले, आई शिवते तसे. कापडाची उलट बाजू आपल्याकडे, सुलट खाली. वहीत बघून डावीकडून हिरवा, पिवळा, लाल लावला, तो माली. लाल, पिवळा, हिरवा लावला, तो गिनी. एकेक सुलटा करून वरून चांदणी लावायची, शाईने नाव टाकायचं. शेवटी सगळे जोडले. त्या कापडावरून मी आठवडाभर पाठ केलं. वही परत उघडली नाही.

शनिवारी सरांनी छापील कार्डं दाखवली. कप्तान त्यांच्या शेजारी बसून कार्डामागचं नाव वाचून बरोबर-चूक सांगत होता. हिरवा, पिवळा, लाल. मी खात्रीने म्हटलं, "गिनी." पुढे गिनी आला, त्याला माली म्हटलं. बाकीचे चौदा बरोबर आले, पण काही झेंडे तोंड फिरवून बसल्यासारखे वाटले.

कप्तानाला माझ्या पिशवीतलं कापड दिसलं. "हे काय गं? दुपटं शिवलंस?" मुलं हसली. सर म्हणाले, "तू राखीव म्हणून ये. मागे बसशील."

घरी आल्यावर वही आणि कापड शेजारी ठेवलं, तेव्हा समजलं. उलट बाजूने शिवलेलं सुलटं केलं की डावं उजवीकडे जातं. हे आईला रोजचंच. मी मात्र विसरले होते.

"दोन उसव ना मंग," आई म्हणाली. "धा मिनटाचं काम."

मी ब्लेड घेतलं, कापड पालथं केलं आणि थांबले. उलट बाजूने माली वहीतल्यासारखाच होता. गिनीही. सोळाच्या सोळा बरोबर. या बाजूला नावं नव्हती, चांदण्यांच्या जागी फक्त टाक्यांची रेघ होती.

"नाही उसवत."

"काहून?"

"शिवण बरोबर आहे. सरांना परत विचारायला लावते."

"आयकतीन काय ते तुहं?"

"माहीत नाही."

आईने कात्री घेतली. लोंबणारे दोरे कापायला बसली. कारखान्यात दोरा दिसला की माल परत येतो.

सोमवारी मी ते कापड फळ्यावर लावलं, उलट बाजू पुढे करून. "सर, मला राखीव नको. पुन्हा विचारा. आणि दादांनाही याच्यावर विचारा."

"माझा युरोप आहे," कप्तान म्हणाला.

"मग शनिवारी मी चुकले हे तुम्हाला कसं कळलं? कार्डामागे नाव होतं म्हणून?"

कुणी हसलं नाही. सर पेनाने एकेक चौकोन दाखवत गेले. मी सोळा सांगितले. कप्तान पाचव्याला अडला. "चांदण्याच दिसत नाहीत," तो म्हणाला.

"टाके दिसतात," मी म्हटलं.

सरांनी वहीत तिसरं नाव माझं लिहिलं.

अकोल्याला पश्चिम आफ्रिकेवर एकही प्रश्न आला नाही. युरोपचे तीन आले, त्यातले दोन चुकले. आम्ही चौथे आलो. परतीच्या एसटीत कप्तान म्हणाला, "बघ, सांगितलं होतं ना, विचारत नाहीत."

"नाही विचारलं तर नाही विचारलं. मला येतात," मी म्हटलं. "दादा, पुढच्या वर्षी युरोप मला द्या."

तो हसला. मी हसले नाही.